सतरा खुर्च्यांचे गाव



घरपट्टीची पावती हातात पडली की आपल्याकडे घरोघरी एकच सवाल निघतो: हा पैसा जातो कुठे? या सदराकडे येणाऱ्या पत्रांतही हा सवाल अधूनमधून असतोच. मागे एका वाचकभगिनींनी त्याला वेगळाच फाटा फोडला. त्यांचा लेक नोकरीनिमित्त इंग्लंडात असतो. त्यांनी विचारले आहे, "तिकडे पण ग्रामपंचायत असते का हो? की सगळा कारभार लंडनहूनच चालतो?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर एका ओळीचे नाही. म्हणून आज तुम्हाला तिथल्या एका बाजारगावात घेऊन जातो. गावाचे नाव फ्रूम. इंग्रजीत ते लिहिले जाते एक आणि बोलले जाते दुसरेच. नकाशावर वाचून कुणी 'फ्रोम' म्हणाला की गावकरी ओळखतात, पाहुणा बाहेरचा आहे.

इंग्लंडच्या नैऋत्येला सॉमरसेट नावाचा परगणा आहे, दूधदुभत्याचा आणि सफरचंदांचा. त्याच्या अगदी पूर्व टोकाला, बाथ शहरापासून वीसेक किलोमीटरवर, टेकडीच्या उतारावर हे गाव वसले आहे. वस्ती अठ्ठावीस हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्या हिशेबाने तालुक्याचे बऱ्यापैकी गाव. इथला बाजार फार जुना. १०८६ साली इंग्लंडच्या राजाने सगळ्या मुलखाची जमीनमोजणी आणि सारामोजणी करवली होती, त्या दप्तरात फ्रूमच्या बाजाराची नोंद सापडते. पुढे लोकरीच्या कापडावर गाव श्रीमंत झाले आणि तो धंदा बसला तसे गरीबही झाले. इथल्या सिंगर नावाच्या ओतशाळेत मोठमोठे पुतळे ओतले जात. लंडनला थेम्स नदीच्या काठी रथात उभी असलेली बोडिशिया राणी कधी चित्रात पाहिली असेल, ती इथलीच. चीप स्ट्रीट नावाच्या अरुंद गल्लीत रस्त्याच्या मधोमध पाण्याचा पाट खळखळत जातो. पाय जपून टाकावा लागतो.

बाजार अजूनही बुधवारी आणि शनिवारी भरतो. गुरांचा बाजार पूर्वी गावाच्या मध्यावर होता, तो १९९० मध्ये गावाबाहेर स्टँडरविकला हलवला. पनीरासारखे जे त्यांचे चीज, त्याचा आणि धान्याचा सौदा जिथे होई ती इमारत मात्र गावातच राहिली. 'चीज अँड ग्रेन' हेच तिचे नाव. आता तिथे सभा होतात, गाण्याचे जलसे होतात. २०१७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतला एक जगप्रसिद्ध वाद्यवृंद तिथे वाजवून गेला. धान्याच्या कोठारात!

तर आता कारभाराकडे वळू.

तिकडे गावपातळीवर निवडून आलेली मंडळी असतात. खेड्यात तिला पॅरिश कौन्सिल म्हणतात, बाजारगावात टाऊन कौन्सिल. १८९४ च्या कायद्याने पॅरिश कौन्सिले सुरू झाली. म्हणजे आपल्याकडे लॉर्ड रिपनने १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला, त्यानंतर बारा वर्षांनी त्यांच्या स्वतःच्या खेड्यांना कौन्सिल मिळाले. फ्रूमला त्या काळी त्याहून मोठी, बऱ्याच अधिकारांची नगरसंस्था होती. १ एप्रिल १९७४ ला मोठी फेररचना झाली आणि ती गेली. रस्ते, शाळा, वाचनालये परगण्याच्या कौन्सिलकडे गेली. कचरा, घरबांधणीच्या परवानग्या वगैरे मेंडिप नावाच्या जिल्हा कौन्सिलकडे. तिची कचेरी शेप्टन मॅलेटला, वीसेक किलोमीटरवर. फ्रूमच्या टाऊन कौन्सिलकडे उरले काय? बागा, बाके, लहान मुलांची खेळायची मैदाने, समारंभ आणि प्रत्येक बाबतीत मत देण्याचा हक्क. मत द्यायचे, निर्णय वरचे घेणार.

मग १ एप्रिल २०२३ ला आणखी एक फेरबदल झाला. मेंडिपसारखी चारही जिल्हा कौन्सिले बंद करून सगळा कारभार एकाच सॉमरसेट कौन्सिलकडे दिला. सदस्य एकशे दहा, मुख्य कचेरी टाँटनला. फ्रूमहून टाँटन पाऊणशे किलोमीटरच्या आसपास पडते. रस्त्याला खड्डा पडला, गटार तुंबले, दिवा बंद पडला की पत्र तिकडे. पंचायत समिती उठवून सगळे झेडपीकडे दिल्यासारखे झाले म्हणा ना. कागदावर खर्च वाचतो. पण म्हातारीला आपले गाऱ्हाणे कुणाच्या दारात न्यायचे हे कळायला वेळ लागतो, तो खर्च कागदावर कुठे दिसत नाही. २०२४ च्या डिसेंबरात लंडनच्या सरकारने जाहीर केले की देशभर जिथे जिथे अशी दुहेरी कौन्सिले उरली आहेत तिथेही हाच प्रकार करायचा.

पाण्याचे आणखी निराळे. इंग्लंडात १९८९ साली पाणीपुरवठा खासगी कंपन्यांना विकला. त्यामुळे नळाला पाणी आले नाही म्हणून कौन्सिलरच्या दारात हंडा वाजवायची सोय तिथे नाही. दवाखाना राष्ट्रीय आरोग्य सेवेचा, त्याचा पैसा सरळ केंद्र सरकारकडून येतो. पोलीस आणखी वेगळे, आग विझवणारे आणखी वेगळे. एका घराला सेवा देणारे पाच-सहा निरनिराळे धनी.

कचऱ्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण तुमच्यातल्या गृहिणींना ती आवडेल. फ्रूमच्या बाजूला २०२० च्या ऑक्टोबरात नवी पद्धत आली. कागद, काच, प्लॅस्टिक, पत्र्याचे डबे वेगवेगळ्या पेट्यांत आणि एका निळ्या पिशवीत घालून ठेवायचे. ते दर आठवड्याला नेतात. उष्टेखरकटे झाकणाच्या छोट्या तपकिरी डब्यात, तेही दर आठवड्याला. आणि जो कशातच बसत नाही असा उरलासुरला कचरा? तो तीन आठवड्यांतून एकदाच उचलायचा. सुरुवातीला लोकांनी कुरकुर केली, साहजिकच आहे. पण हेतू सरळ होता. डबा भरून वाहायला नको असेल तर वेगळे करायला शिका. ते खरकटे ब्रिजवॉटर गावाजवळच्या एका प्लँटमध्ये जाते. तिथे हवाबंद टाक्यांत कुजवून गॅस काढतात, त्यावर वीज करतात आणि मागे राहिलेली मळी शेतात खत म्हणून जाते. आता तुम्ही म्हणाल, यात नवे काय, आमच्या परसात गोबरगॅस आहेच. खरे आहे. त्यांनी शेणाऐवजी परगणाभराचे खरकटे घातले, एवढेच.

आता पैसा. तिकडच्या घरपट्टीला कौन्सिल टॅक्स म्हणतात. १९९० मध्ये मार्गारेट थॅचरबाईंनी इंग्लंडात डोईपट्टी आणली होती, राजाला आणि रंकाला सारखी. त्यावर इतका भडका उडाला की ती मागे घ्यावी लागली आणि १९९३ पासून हा टॅक्स आला. घरांचे अ पासून ह पर्यंत म्हणावे तसे आठ गट केले आहेत. गंमत म्हणजे हे गट १ एप्रिल १९९१ ला त्या घराची किंमत काय असती यावर ठरतात. त्यानंतर इंग्लंडात फेरआकारणी झालेलीच नाही. काल बांधलेल्या घराचीही १९९१ मधली किंमत अंदाजाने काढतात. सगळ्यांत वरच्या गटातला बंगला सगळ्यांत खालच्या गटातल्या खोपटाच्या फक्त तिप्पट भरतो. बंगल्याची किंमत दसपट असली तरी तिप्पटच! घरात प्रौढ माणूस एकटेच राहत असेल तर चौथाई सूट मिळते, हे मात्र चांगले आहे.

ही पट्टी गोळा करते मोठे कौन्सिल. पण बिलावर प्रत्येकाचा वाटा वेगळ्या ओळीत छापावा लागतो. मोठ्या कौन्सिलचा इतका, पोलिसांचा इतका, आग विझवणाऱ्यांचा इतका आणि शेवटी टाऊन कौन्सिलचा इतका. ती शेवटची ओळ सगळ्यांत बारीक असते. फ्रूमची खरी गोष्ट त्या बारीक ओळीची आहे.

टाऊन कौन्सिलमध्ये सतरा सदस्य. वर्षातून एकदा ते आपल्यातलाच एक मेयर निवडतात. त्याच्या गळ्यात साखळी असते, अधिकार बेताचेच. रोजचा कारभार पाहतो क्लार्क. त्याला तुम्ही आपला ग्रामसेवक समजा, ज्याला २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. पण एक मोठा फरक आहे. आपला ग्रामसेवक झेडपीचा नोकर, बदली झाली की दप्तर ठेवून गेला. तिथला क्लार्क गावाच्या कौन्सिलने नेमलेला, पगारही कौन्सिलच देते. त्याचा धनी गावच. आणि त्यांच्याकडे राखीव जागा नाहीत. आपल्या पंचायतीत २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या, हे त्यांना सांगितले तर ते आ वासतील.

इंग्लंडातल्या अशा लहान कौन्सिलांची एक जुनी दुखरी नस आहे. पुष्कळ जागांवर निवडणूकच होत नाही. जितक्या जागा तितकेच अर्ज, किंवा त्याहूनही कमी. मग उरलेल्या जागांवर ओळखीपाळखीच्या माणसांना बोलावून बसवायचे. आणि जे बसतात ते लंडनच्या पक्षांची नावे लावून बसतात. बागेतले बाक कुठे ठेवायचे यावरही पक्षाची ओढाताण.

२०११ च्या निवडणुकीआधी फ्रूममधले काही लोक एकत्र आले. ते राजकारणी नव्हते, गावातलीच साधी कामधंद्याची माणसे. त्यांत पीटर मॅकफेडियन नावाचे गृहस्थ होते. त्यांनी ठरवले, पक्ष नको, सगळे अपक्ष, पण एका छत्रीखाली. छत्रीचे नाव ठेवले 'इंडिपेंडंट्स फॉर फ्रूम'. यातली खुबी अशी की त्यांनी जाहीरनामाच काढला नाही. हे करू, ते देऊ असे एकही वचन नाही. फक्त आपण आपसांत कसे वागायचे याचे काही नियम केले. मत पटेल तसे द्यायचे, गटाचा हुकूम चालणार नाही. मतभेद झाला तर माणसावर जायचे नाही. आणि आपले मत चुकले असे वाटले तर ते बदलायला लाजायचे नाही. सतरा जागांपैकी दहा त्यांनी जिंकल्या.

मॅकफेडियन यांनी पुढे २०१४ मध्ये या अनुभवावर एक पुस्तक लिहिले. नाव 'फ्लॅटपॅक डेमॉक्रसी'. तिकडे कपाट किंवा टेबल सुट्या फळ्यांच्या रूपात खोक्यातून मिळते, घरी आणून स्वतः स्क्रू पिळून उभे करायचे. लोकशाहीही तशीच सुटी घरी नेऊन जोडता येते, असे त्यांचे म्हणणे. ते पुस्तक वाचून इंग्लंडातल्या दुसऱ्या गावांतही अशा छत्र्या उघडल्या.

निवडून आल्यावर त्यांनी पहिला हात घातला तो सभेला. उंच टेबलामागे सदस्य आणि समोर दूर खुर्च्यांवर लोक, ही बैठकच मोडली. गावकऱ्यांना बोलू द्यायला लागले. ठराव वाचून हात वर करण्याआधी चर्चा ऐकायची. उपसमित्यांची गर्दी कमी केली. हे ऐकायला किरकोळ वाटते. पण ज्याने कधी ग्रामसभेत मागच्या दाराशी उभे राहून, "पुढे या, बोला" असे कुणी म्हणेल म्हणून वाट पाहिली आहे, त्याला ते किरकोळ वाटणार नाही.

मग कामे. २०१५ मध्ये गावात 'शेअर' नावाचे दुकान निघाले, पण तिथे विकत काही मिळत नाही. भोक पाडायचे यंत्र, तंबू, शिडी, शिवणयंत्र अशा वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तू थोडक्या पैशात वापरायला न्यायच्या आणि परत आणायच्या. पुस्तकांचे वाचनालय असते तसे वस्तूंचे. गावातल्या तरुण पोरांनी ते उभे केले, कौन्सिलने पाठबळ दिले. आपल्याकडे लग्नाची भांडी गावकीत असत, ती आठवतात का? तोच प्रकार. २०१६ मध्ये सार्वजनिक फ्रीज आला, इंग्लंडातल्या पहिल्या काहींपैकी एक. दुकानदाराचे उरलेले, कुणाच्या परसात जास्त झालेले त्यात ठेवायचे, हवे त्याने न्यायचे. नाव विचारायचे नाही, गरिबीचा दाखला मागायचा नाही.

२०१५ च्या निवडणुकीत या मंडळींना सतराच्या सतरा जागा मिळाल्या, २०१९ मध्ये पुन्हा सतरा. लोक याचे कौतुक करतात. मला जरा वेगळे वाटते. सगळ्या खुर्च्या एकाच छत्रीखाली आल्या की आडवा प्रश्न विचारणारा कोण? छत्री चांगली आहे म्हणून काय झाले? घरात सुनेने एकदा तरी "असं का?" म्हटले पाहिजे, नाहीतर सासूच्या हातची आमटी कायम खारटच राहते.

पण त्या देशात कायद्याने एक तजवीज करून ठेवली आहे, ती या छत्रीहून जुनी आहे आणि मला जास्त मोलाची वाटते. दर वर्षी १ मार्च ते १ जून या काळात गावच्या मतदारांची सभा घ्यावीच लागते. एवढेच नाही, गावातले कोणतेही सहा मतदार एकत्र येऊन सभा बोलावू शकतात. फक्त सहा! सभेचा ठराव कौन्सिलवर बंधनकारक नसतो हे खरे, पण चारचौघांत विचारलेला प्रश्न गिळता येत नाही. शिवाय दर वर्षी तीस कामकाजाचे दिवस हिशेबाच्या वह्या मतदारांसाठी उघड्या ठेवायच्या. कुणीही जावे, पावत्या पाहाव्या, नकला घ्याव्या आणि खटकले तर सरळ लेखापरीक्षकाकडे हरकत नोंदवावी.

आता दवाखान्याची गोष्ट. ही कौन्सिलची नव्हे, पण गावाच्या कारभारातच धरावी अशी आहे. फ्रूममध्ये डॉक्टरांचा एक मोठा दवाखाना आहे, जवळजवळ सगळे गाव तिथेच नोंदलेले. तिथल्या डॉक्टर हेलन किंग्स्टन यांच्या ध्यानात आले की पुष्कळ पेशंट दुखण्यापेक्षा एकटेपणाने खचलेले आहेत. नवरा गेलेली बाई, पाय मोडून घरात बसलेला म्हातारा. औषधाने काय होणार? २०१३ पासून त्यांनी जेनी हार्टनॉल आणि इतर सहकाऱ्यांना घेऊन एक काम सुरू केले. गावात कुठे भजनमंडळासारखे गाणाऱ्यांचे मंडळ आहे, कुठे सुतारकाम करणाऱ्या पुरुषांची बैठक आहे, कुठे नुसते चहाला जमतात, याची यादी केली. नसेल तिथे नवे मंडळ काढले. आणि गावातल्या शेकडो साध्या लोकांना, टॅक्सीवाला, केस कापणारा, दुकानदार यांना, थोडेसे शिकवले की गिऱ्हाईक बोलता बोलता रडवेले झाले तर त्याला कुठे पाठवायचे.

त्याचा हिशेब २०१८ मध्ये डॉक्टरांच्या एका नामांकित नियतकालिकात छापून आला. २०१३ च्या एप्रिलपासून २०१७ च्या अखेरपर्यंत फ्रूममधून तातडीने इस्पितळात भरती होणाऱ्यांचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. त्याच काळात साऱ्या सॉमरसेटमध्ये ते २८.५ टक्क्यांनी वाढले होते. आता हा काही एका वाफ्यात खत घालून आणि शेजारच्यात न घालता केलेला काटेकोर प्रयोग नव्हे. दवाखान्याने त्याच सुमारास इतरही सुधारणा केल्या होत्या. म्हणून सगळे श्रेय चहाच्या बैठकांना देऊ नये. पण आकडा विचार करायला लावतो.

आणि आता चिंतेची बाजू. २०२३ च्या एप्रिलात नवे सॉमरसेट कौन्सिल जन्माला आले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने आर्थिक आणीबाणी जाहीर केली. बाळंतपणातच दिवाळे. कारण? वृद्धांची देखभाल आणि निराधार मुलांची सोय. ही कामे कायद्याने टाळता येत नाहीत आणि त्यांचा खर्च दर वर्षी फुगतो. कौन्सिलच्या पैशाचा मोठा हिस्सा तिथेच जातो. मग कात्री लागते ती सार्वजनिक संडासांना, बागांना, फुलांच्या ताटव्यांना, चौकातल्या कॅमेऱ्यांना. मोठ्या कौन्सिलने गावोगावच्या टाऊन कौन्सिलांना निरोप धाडला: हे तुम्ही चालवा, नाहीतर आम्ही बंद करतो.

यात एक मेख आहे. मोठ्या कौन्सिलने पट्टी एका वर्षात साधारण पाच टक्क्यांच्या वर वाढवायची तर लोकांचे मत घ्यावे लागते, किंवा सरकारची खास परवानगी लागते. सॉमरसेटने २०२४ मध्ये दहाच्या जवळ मागितले, सरकारने नाही म्हटले. २०२५ मध्ये साडेसात टक्क्यांना होकार मिळाला. टाऊन कौन्सिलला मात्र अशी मर्यादाच नाही. म्हणजे वरच्याने ओझे खाली टाकायचे आणि खालच्याने पट्टी वाढवायची. बिलावरची ती सगळ्यांत बारीक ओळ सॉमरसेटच्या गावागावांत जाड होऊ लागली. ज्या गावाचे कौन्सिल जागे होते त्याने बाग वाचवली. ज्याचे नव्हते, तिथे संडासाला कुलूप. बाजाराच्या दिवशी लांबून आलेल्या म्हाताऱ्या शेतकरणीने जावे कुठे, हा प्रश्न जगात सगळीकडे सारखाच.

त्या वाचकभगिनींना उत्तर एवढे, की होय ताई, तिकडेही ग्रामपंचायत असते आणि तिच्यापाशीही पैसा कमीच असतो. तुमच्या लेकाला सांगा, तो ज्या गावात राहतो तिथले बिल काढून शेवटची ओळ वाच, आणि वह्या उघड्या ठेवण्याचे ते तीस दिवस कधी आहेत ते विचार. आणि तुम्ही तुमची पावती काढा. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी असे रकाने त्यावर असतात. दिवाबत्तीच्या रकान्यात किती भरले आणि आपल्या आळीतले किती दिवे पेटतात, ते मोजून मला कळवा. पत्रे आली तर त्यातली निवडक इथे छापू.

पुढच्या खेपेला याच सॉमरसेटमधल्या चेडर गावी जाऊ. तिथल्या गवळणी उरलेल्या दुधाचे काय करीत, ते सांगायचे आहे.